‘मर्यादेत घेतली तर चालते’ हे सरकारनं सांगावं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत बरोबर आहे का ते कळेल. एका राष्ट्रीय आरोग्य धोरणाच्या मसुद्यावर तुम्हाला अभिप्राय लिहायचा आहे. त्यात एक वाक्य आहे: ‘प्रौढांनी मद्यपान मर्यादित ठेवावे, मर्यादित मद्यपान हृदयासाठी हितकारक ठरू शकते.’ जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दारूचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही. पण बरेच देश आठवड्याला किती चालेल याचे आकडे देतात, आणि त्यांचेही एकमेकांशी जुळत नाहीत. तुम्ही विचारता की मर्यादा सांगितली तर ती परवानगी ठरते का, आणि नाही सांगितली तर लोकांना उगाच घाबरवल्यासारखं होतं का.

मी बावीस वर्षं सामुदायिक वैद्यकशास्त्रात काम करते. आठवड्यातला एक दिवस व्यसनमुक्तीच्या ओपीडीत जातो, बाकीच्या कामात असे मसुदे वाचणं हा मोठा भाग असतो. माझं मत आधीच सांगून टाकते. आकडा द्यायला माझी हरकत नाही, पण वाक्याचा उत्तरार्ध काढायलाच हवा. त्याची कारणं जरा सविस्तर सांगावी लागतील, कारण या एका वाक्यात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. दारू शरीराला काय करते, हा पहिला. समोर बसलेल्या माणसाला काय सांगायचं, हा दुसरा. आणि सरकारनं सगळ्या लोकसंख्येसाठी काय करायचं, हा तिसरा. पहिल्याचं उत्तर मिळालं की उरलेल्या दोन्हींचं आपोआप मिळतं असं समजलं जातं. माझ्या अनुभवात बहुतेक मसुदे इथेच फसतात.

‘मर्यादित’ म्हणजे किती, इथपासून सुरुवात करू. अमेरिकेत एक ‘स्टँडर्ड ड्रिंक’ म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध मद्यार्क, ऑस्ट्रेलियात १० ग्रॅम, ब्रिटनमध्ये एक ‘युनिट’ म्हणजे ८ ग्रॅम. त्यामुळे ‘दिवसाला एक’ या शब्दांना देशागणिक वेगळा अर्थ आहे. हिशेब सोपा आहे: मिलिलिटर गुणिले मद्यार्काची टक्केवारी गुणिले ०.७९. पाच टक्के मद्यार्काची ३३० मिलि बिअर घेतली तर १३ ग्रॅम होतात. चाळीस टक्क्यांची ३० मिलि व्हिस्की घेतली तर साडेनऊ ग्रॅम.

पण कागदावरचे तीस मिलि आणि ग्लासातले तीस मिलि यांत फरक असतो. ओपीडीत मी पाण्याची बाटली आणि रिकामा ग्लास ठेवते, आणि ‘रोज ओतता तेवढं ओतून दाखवा’ असं सांगते. मग ते मोजपात्रात ओतून त्यांच्यासमोरच मोजते. ‘एकच पेग घेतो’ म्हणणाऱ्यांचा पेग पन्नास, साठ, कधी ऐंशी मिलिचा निघतो. ते खोटं बोलत नसतात, त्यांनी तो कधी मोजलेलाच नसतो. मोठ्या सर्वेक्षणांतही तेच दिसतं. लोकांनी सांगितलेलं प्रमाण एकत्र केलं तर ते प्रत्यक्षात विकल्या गेलेल्या दारूच्या साधारण निम्म्याच्या आसपास भरतं. धोरणात नुसतं ‘मर्यादित’ लिहिलं तर प्रत्येक जण स्वतःच्या ग्लासालाच मर्यादा समजतो. म्हणून आकडा द्यायचाच तर तो ग्रॅममध्ये द्यावा आणि बाटलीवरही ग्रॅम छापायला लावावेत.

आता हृदयाकडे येते. इथे जास्त वेळ घेणार आहे, कारण मसुद्यातला उत्तरार्ध याच समजुतीवर उभा आहे.

१९२६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या रेमंड पर्ल यांनी दाखवलं की बेताने पिणाऱ्यांचं आयुर्मान न पिणाऱ्यांपेक्षा कमी नव्हतं, उलट थोडं जास्तच दिसत होतं. पुढच्या अनेक अभ्यासांत तोच आकार दिसत राहिला. अजिबात न पिणाऱ्यांचे मृत्यू थोडे जास्त, थोडी पिणाऱ्यांचे सर्वांत कमी आणि भरपूर पिणाऱ्यांचे सर्वांत जास्त. आलेख इंग्रजी जे अक्षरासारखा दिसतो म्हणून त्याला ‘जे-वक्र’ म्हणतात. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमानं ‘फ्रेंच विरोधाभास’ घरोघरी पोहोचवला. फ्रेंच लोक चरबीयुक्त खातात, तरी त्यांना हृदयविकार कमी होतो, आणि त्याचं श्रेय रेड वाइनला असू शकतं, असा तो दावा. त्यानंतर तिथे रेड वाइनचा खप उसळला. तुमच्या मसुद्यातलं वाक्य त्याच काळातलं आहे.

शंका मात्र तेव्हाही घेतली जात होती. ब्रिटनमधल्या ७,७३५ पुरुषांच्या अभ्यासावरून जेराल्ड शेपर यांनी १९८८ मध्ये एक साधा प्रश्न विचारला: ‘न पिणारे’ म्हणून ज्यांची नोंद झाली आहे ते नेमके कोण? त्यांत असे बरेच जण होते ज्यांनी आजारपणामुळे दारू सोडली होती. आजारी माणसं ‘न पिणाऱ्यां’च्या गटात गेली की तो गट आजारी दिसणारच, आणि त्याच्याशेजारी थोडी पिणारा निरोगी दिसणारच. हे मला पुस्तकात वाचून कळलं, पण पटलं ते ओपीडीत. ‘दारू घेता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणाऱ्याला मी नेहमी ‘कधीच नाही, की आता नाही?’ असं पुढे विचारते. त्या दुसऱ्या प्रश्नावर निम्मी कहाणी बदलते. शिवाय बेताने पिणारे लोक सरासरीनं जास्त शिकलेले, बऱ्या उत्पन्नाचे, व्यायाम करणारे असतात. त्यांच्या तब्येतीचं श्रेय ग्लासाला द्यायचं की बाकीच्या आयुष्याला?

२०२३ मध्ये १०७ अभ्यास आणि सुमारे ४८ लाख लोकांची माहिती एकत्र करून असे दोष शक्य तितके दूर केले गेले, तेव्हा थोडी पिणाऱ्यांना मिळणारा फायदा संख्याशास्त्रीयदृष्ट्या उरला नाही. त्याआधी, २०१९ मध्ये चीनमधल्या पाच लाख प्रौढांच्या अभ्यासातून आणखी वेगळा पुरावा आला होता. पूर्व आशियातल्या अनेकांत अशी जनुकं असतात की दारू घेतल्यावर चेहरा लाल होतो, मळमळतं, आणि त्यामुळे ते आपोआप कमी पितात. जनुकं जन्मतःच ठरतात. आजारामुळे किंवा पगारामुळे ती बदलत नाहीत. लोकांनी स्वतः सांगितलेल्या प्रमाणावरून पाहिलं तर थोड्या दारूनं पक्षाघाताचा धोका कमी दिसत होता. जनुकांवरून पाहिलं तेव्हा तो फायदा नाहीसा झाला, आणि प्रमाण वाढेल तसा पक्षाघाताचा धोका सरळ चढत गेला.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी तुम्हाला अर्धंच चित्र दिल्यासारखं होईल. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या समितीनं असा निष्कर्ष काढला की कधीच न पिणाऱ्यांच्या तुलनेत बेताने पिणाऱ्यांचा एकूण मृत्युदर कमी आढळतो. त्या निष्कर्षाची खात्री समितीनं मध्यम ठरवली. त्याच अहवालात बेताच्या पिण्यानंही स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो असंही आहे. म्हणजे जाणकारांमध्ये खरोखर मतभेद आहेत. याचा निकाल लावायचा तर लोकांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटून वर्षानुवर्षं पाहावं लागेल. तसा एक मोठा प्रयोग अमेरिकेत २०१८ मध्ये सुरू झाला होता, सुमारे ७,८०० लोकांचा. त्यासाठी मद्य उद्योगाकडून पैसे मागितले गेले होते आणि आखणीतच फायद्याच्या बाजूनं कल होता, हे उघड झाल्यावर त्याच वर्षी जूनमध्ये तो बंद करण्यात आला.

माझा निष्कर्ष असा: हृदयाला थोडा फायदा असेलही, नसेलही. ज्या औषधाचा पुरावा इतका डळमळीत आहे आणि ज्यानं कर्करोग होतो हे पक्कं ठाऊक आहे, ते मी एकाही रुग्णाला लिहून देणार नाही. मग सरकारनं ते अख्ख्या देशाला का लिहून द्यावं?

कर्करोगाच्या बाबतीत इतका संभ्रम नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं मद्य पेयांना १९८८ मध्येच पहिल्या गटात, म्हणजे माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या गोष्टींत टाकलं. मद्यार्काचं शरीरात ॲसिटाल्डिहाइड होतं आणि ते डीएनएला इजा करतं. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्तन या जागा त्यात येतात. वाइन, बिअर, व्हिस्की असा भेद शरीर करत नाही.

पण धोका किती, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे तिथल्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख सरकारी डॉक्टरांनी, दिलेले आकडे मला फार उपयोगी वाटतात. आठवड्याला एकापेक्षा कमी ड्रिंक घेणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी साधारण १७ जणींना आयुष्यात दारूशी संबंधित प्रकारचा एखादा कर्करोग होतो. रोज एक घेणाऱ्यांत १९, रोज दोन घेणाऱ्यांत २२. पुरुषांत हेच आकडे १०, ११ आणि १३. शंभरातल्या या दोन जणी म्हणजे काही कमी नव्हे, पण रोज एक ग्लास घेणाऱ्या बाईला ‘तुम्हाला कर्करोग होणारच’ असं सांगणं खोटं ठरेल. २०१८ च्या एका जागतिक अभ्यासातही तेच दिसतं. मद्याशी संबंधित आजार किंवा इजा वर्षभरात न पिणाऱ्या एक लाख लोकांत ९१४ जणांना होतात, रोज एक घेणाऱ्यांत ९१८, रोज दोन घेणाऱ्यांत ९७७ आणि रोज पाच घेणाऱ्यांत १,२५२. ‘कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही’ हे वाक्य बरोबर आहे, पण ते एकटं ठेवलं तर पहिली पायरी आणि पाचवी पायरी सारख्याच उंचीची वाटते. मग लोक म्हणतात, धोका सगळ्यालाच आहे तर पाच घेतले काय नि एक घेतला काय. हे मी ओपीडीत प्रत्यक्ष ऐकलं आहे.

व्यक्तीच्या पातळीवर बरंच काही परिस्थितीवर अवलंबून असतं. गर्भवतीनं घेऊ नये, यात जर-तर नाही. यकृताचा आजार, झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या, पूर्वीचं व्यसन, अनियमित हृदयगती, घरात स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास, यांतलं काही असेल तर माझं उत्तर शून्य असतं. तरुणांच्या बाबतीत तर फायद्याचा प्रश्नच येत नाही, कारण त्या वयात दारूनं होणारे मृत्यू हृदयाचे नसतात. ते अपघातांचे, मारामारीचे, आत्महत्यांचे असतात. २०२२ च्या एका जागतिक विश्लेषणात २०२० मध्ये घातक प्रमाणात पिणाऱ्यांपैकी ५९ टक्के लोक १५ ते ३९ या वयाचे होते आणि तीन चतुर्थांशांहून जास्त पुरुष होते. आठवड्याचे सात एकाच रात्री घेणं आणि रोज एक घेणं यांतही मोठा फरक आहे. म्हणून सरासरीच्या आकड्याबरोबर एका दिवसाची कमाल मर्यादा सांगणारी धोरणं मला जास्त शहाणी वाटतात.

आता देशांचे आकडे का जुळत नाहीत ते पाहू. ब्रिटननं २०१६ मध्ये स्त्री-पुरुष दोघांसाठी आठवड्याला १४ युनिट सांगितले, म्हणजे ११२ ग्रॅम, तेही तीन किंवा जास्त दिवसांत विभागून. ऑस्ट्रेलियानं २०२० मध्ये आठवड्याला १० ड्रिंक आणि एका दिवशी चारपेक्षा जास्त नाही असं ठरवलं, म्हणजे १०० ग्रॅम. नेदरलँड्सच्या आरोग्य परिषदेनं २०१५ मध्ये म्हटलं की पिऊ नका, आणि प्यायलातच तर दिवसाला एका ग्लासाच्या वर जाऊ नका. कॅनडातल्या तज्ज्ञ केंद्राचा २०११ चा सल्ला पुरुषांना आठवड्याला १५ आणि स्त्रियांना १० असा होता. २०२३ मध्ये त्यांनीच सांगितलं की एक-दोन म्हणजे कमी धोका, तीन ते सहा म्हणजे मध्यम, सात आणि त्यापुढे वाढता.

या देशांतली यकृतं वेगळी नाहीत. फरक आहे तो किती धोका स्वीकारायचा यात. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटननं साधारण ‘तेवढी पिणाऱ्या शंभरात एकाचा दारूमुळे मृत्यू’ ही रेघ धरली. कॅनडानं ‘कमी धोका’ म्हणायला हजारात एक ही रेघ धरली, म्हणून त्यांचा आकडा खाली आला. विज्ञान तुम्हाला चढण किती आहे ते सांगतं; कुठे थांबायचं हा निर्णय समाजाचा असतो. मसुद्यात आकडा असेल तर तो कुठली रेघ धरून काढला हेही तिथेच लिहिलेलं असावं, असा आग्रह अभिप्रायात जरूर धरा. ते नसेल तर आकडा आभाळातून पडल्यासारखा वाटतो आणि सरकार बदललं की तोही बदलतो.

आता तिसरा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचा. १९८५ मध्ये ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी मांडलं की एखादी व्यक्ती आजारी का पडली आणि एखाद्या समाजात तो आजार इतका का आहे, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. दारूच्या बाबतीत हे अगदी ठळक दिसतं. समाजाची सरासरी वाढली की सगळेच थोडे थोडे पुढे सरकतात आणि टोकाला असलेले कड्यावरून पडतात. ‘आम्ही फक्त बेताने पिणाऱ्यांशी बोलतोय’ असं धोरणाला म्हणता येत नाही, कारण ते वाक्य सगळेच वाचतात. त्यांत न पिणारेही असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे २०१६ मध्ये जगातल्या १५ वर्षांवरच्या ५७ टक्के लोकांनी आधीच्या बारा महिन्यांत दारू घेतलेली नव्हती. ज्या देशात बहुसंख्य लोक पीत नाहीत, तिथे ‘मर्यादित मद्यपान हितकारक’ हे वाक्य कुणाला कमी करायला सांगत नाही. ते न पिणाऱ्याला सुरू करायचं कारण देतं. आणि सुरू करणाऱ्यांपैकी कोण बेतात राहील हे आधी ओळखण्याची युक्ती माझ्याकडे नाही. व्यसनमुक्तीला येणारा प्रत्येक जण एकेकाळी बेतानेच पीत होता.

सल्ल्यापेक्षा किंमत, उपलब्धता आणि जाहिरात यांचा परिणाम कितीतरी मोठा असतो. फिनलंडनं मार्च २००४ मध्ये मद्यावरचा कर सरासरी एक तृतीयांश कमी केला. त्या वर्षी खप सुमारे दहा टक्क्यांनी वाढला आणि यकृताच्या आजारानं होणारे मृत्यूही वाढले. उलट स्कॉटलंडनं मे २०१८ मध्ये दर युनिटला किमान ५० पेन्स किंमत ठरवली. विक्री जेमतेम तीन टक्के घटली, पण २०२३ मधल्या मूल्यमापनानुसार निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा १३ टक्क्यांहून जास्त घटले, आणि सर्वांत जास्त फायदा गरीब वस्त्यांना झाला. रशियात कर, विक्रीच्या वेळा आणि जाहिराती यांवरच्या कडक नियमांच्या काळात, २००३ ते २०१६ दरम्यान, दरडोई सेवन ४३ टक्क्यांनी घटलं. यांतल्या एकाही ठिकाणी निव्वळ ‘बेताने प्या’ म्हणून हे झालेलं नाही. ‘जबाबदारीनं प्या’ हे वाक्य तर उद्योगाच्या जाहिरातींतही असतं, आणि त्यात किती ते कधीच नसतं. धोका स्पष्ट सांगायला गेलं की काय होतं ते कॅनडातल्या युकॉनमध्ये दिसलं. तिथे २०१७ च्या अखेरीस बाटल्यांवर कर्करोगाचा इशारा लावण्याचा अभ्यास सुरू झाला आणि उद्योगाच्या दबावामुळे महिन्याभरात थांबला. पुन्हा सुरू झाला तो कर्करोगाच्या इशाऱ्याशिवाय.

एक सावधगिरी मात्र हवी. जगात प्यायल्या जाणाऱ्या दारूपैकी साधारण पाचवा ते चौथा हिस्सा सरकारी नोंदीत येतच नाही. जिथे हा हिस्सा मोठा आहे तिथे फक्त कर वाढवला तर लोक विषारी दारूकडे वळण्याची भीती खरी आहे. तिथे करवाढ आणि बेकायदा दारूवरची कारवाई एकत्रच आखावी लागते. नोंद होणारी विक्री किती याची माहिती तुमच्या मसुद्यात असेल तर ती आधी तपासा, कारण किमतीबद्दलची शिफारस तिच्यावर ठरेल.

व्यक्तिस्वातंत्र्याचा आक्षेप येईलच, आणि तो मी हलका समजत नाही. प्रौढ माणसानं धोका ओळखून एक ग्लास घ्यायचा ठरवला तर तो त्याचा हक्क आहे. माझ्या ओपीडीतही मी कुणाला दरडावत नाही. पण धोका ओळखायचा तर तो खरा सांगितला गेला पाहिजे. हितकारक म्हणून सांगितला तर ती निवड त्याची राहत नाही.

म्हणून अभिप्रायात मूळ वाक्याच्या जागी मी असा मजकूर सुचवला असता, तुम्हाला पटला तर वापरा:

‘जे मद्यपान करत नाहीत त्यांनी आरोग्याच्या कारणासाठी ते सुरू करू नये. जे करतात त्यांनी जितके कमी करतील तितका धोका कमी होतो. आठवड्याला १०० ग्रॅम शुद्ध मद्यार्काच्या पुढे धोका झपाट्याने वाढतो; त्याखालीही तो शून्य नसतो, विशेषतः कर्करोगाचा. एका दिवशी ४० ग्रॅमहून जास्त घेऊ नये. गरोदरपणात, अल्पवयात, वाहन चालवताना आणि यकृताच्या आजारात मद्य पूर्णपणे टाळावे. प्रत्येक बाटलीवर मद्यार्काचे ग्रॅम आणि कर्करोगाचा इशारा छापणे बंधनकारक असेल.’

१०० आणि ४० हे आकडे मी ऑस्ट्रेलियाच्या रेघेवरून घेतले आहेत. तुमच्या समितीला हजारात एक ही रेघ योग्य वाटली तर आठवड्याचा आकडा तीस ग्रॅमच्याही खाली आणावा लागेल, आणि त्या निर्णयाचं कारण त्याच परिच्छेदात लिहावं लागेल.